मोबाईलचा ताप मोजताना



गेल्या अंकातले माझे पत्र वाचून दोघा-तिघांनी आवर्जून फोन केला, त्याबद्दल आभार. पण तक्रार सगळ्यांची एकच. "अगं, तुझा आवाज मधेच तुटतो. सिंगापूरला राहतेस आणि नेट असं कसं?" आता काय सांगू! इथे टॅम्पिनीसला मोबाईलच्या दुकानांबाहेर वेगाचे असे आकडे लावलेले असतात की आमच्या पगाराच्या स्लिपवर ते कधी दिसले नाहीत. तरी आवाज तुटतो हे खरे. तो कुठे तुटतो आणि का, याचा छडा मी आणि माझ्या नातवाने २०२५च्या जूनमध्ये लावला. आज त्याबद्दलच लिहिते.

आधीच सांगते, मी इंजिनियर नाही. अलिबागला मराठी शाळेत शिकले, मुंबईत नर्सिंग केले, आणि पुढे इस्रायलला येऊन रिटायर होईपर्यंत वॉर्डातच राबले. पण मोजणे हे काम मला येते. ताप, नाडी, श्वास, दर चार तासांनी, त्याच रोग्याचे, त्याच तक्त्यावर. एकदाच थर्मामीटर लावून कोणी रोगाचे नाव सांगू लागला तर आमची मेट्रन त्याला वॉर्डाबाहेर काढी.

तर झाले असे. माझी थोरली ताई बीरशेव्याला राहते. वय चौऱ्याऐंशी. सोबतीला केरळची एक मेटापेलेत आहे, मोठी गुणी मुलगी. २०२५च्या जूनमधले ते बारा दिवस आपल्या वाचकांना मी काय सांगू, तुम्ही ते तिथे बसून काढलेत. मी इथे दूर, म्हणून माझा जीव दिवसभर फोनमध्ये. १९ जूनच्या सकाळी, तिथे सातचा सुमार म्हणजे इथे दुपारचे बारा, मी ताईशी व्हिडिओवर बोलत होते. सायरन झाला. ती आणि मेटापेलेत फोन घेऊनच ममादमध्ये गेल्या. दार लावल्याचा आवाज आला आणि ताईचा चेहरा पडद्यावर थिजला. तोंड अर्धवट उघडे, डोळे एका बाजूला. मी हाका मारत राहिले. पडद्यावर एक छोटे चाक फिरत होते, बस. त्याच वेळी सोरोका रुग्णालयावर क्षेपणास्त्र पडले. ते मला लेकीने ऑफिसातून फोन करून सांगितले. ताईचे घर तिथून लांब नाही.

ज्या बाईने आयुष्यभर माणसांचे चेहरे पाहून काम केले, तिला तसा थिजलेला चेहरा पाहून काय वाटले असेल ते लिहीत नाही. बावीस मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मेटापेलेतचा एक शब्द आला, "ओके". चित्र नाही, आवाज नाही, चार अक्षरे. ती मात्र पोचली.

संध्याकाळी जेवताना जावईबापू म्हणाले, "आई, तुमचा फोन जुना झालाय. नवीन ५जी घेऊन टाकू, प्रश्नच मिटेल." लेकीचे म्हणणे वेगळे, तिला माझी कंपनी बदलायची होती. नातू बारा वर्षांचा, शाळेला जूनची सुट्टी. तो भात कालवता कालवता म्हणाला, "पण बिघाड कुठे आहे ते कुठे माहीत आहे?" मला इतका आनंद झाला की मी त्याला माझ्या वाटणीचा तळलेला मासा दिला. रोग कळायच्या आधी औषध आणायला निघालेले आम्ही तिघे मोठे, आणि मुलगा म्हणतो आधी तपासू या.

दुसऱ्या दिवशी मी एका मोठ्या कागदावर वॉर्डातल्यासारखा तक्ता आखला. घरात तीन फोन : माझा सहा वर्षांचा, ४जीचा. लेकीचा नवा. जावयांचा दुसऱ्या देशातून आणलेला, महागडा. तीन सिमकार्डे, तीन वेगळ्या कंपन्यांची. वेळा सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. आणि पाच जागा : माझ्या खोलीतली खुर्ची, स्वयंपाकघराची खिडकी, इमारतीखालचा मोकळा कट्टा ज्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात, टॅम्पिनीसचे डाउनटाउन लाइनचे स्टेशन, आणि घरातले शेल्टर.

हे शेल्टर काय ते सांगायला हवे, कारण तुम्हाला नवल वाटेल. इथल्या सरकारी इमारतींमधल्या घरांत एक छोटी खोली असते, जाड सिमेंटच्या भिंतींची, लोखंडी दाराची. आपला ममादच जणू! इस्रायलने आखाती युद्धानंतर १९९२पासून नव्या घरांना ममाद सक्तीचा केला, सिंगापूरने १९९७ साली तसा कायदा केला. फरक इतकाच की इथे त्या खोलीत तांदळाची पोती, प्रवासाच्या बॅगा आणि जुना पंखा ठेवतात. देवाच्या कृपेने कोणाला त्यात धावावे लागलेले नाही. आमच्याही शेल्टरमध्ये इस्त्रीचा टेबल आहे.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. नातवाने माझे सिम लेकीच्या फोनमध्ये घालून वेग मोजायला सुरुवात केली. आकडा भराभर चढतो, तो पाहायला गंमत वाटते, म्हणून "अजून एकदा, अजून एकदा" असे मीच म्हणत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन म्हणाला, तुमचा महिन्याचा वीस जीबीचा कोटा संपला! बाळांनो, हा हिशेब तुम्ही करून पाहा. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि डेटा मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. आमच्या लहानपणी सोळा आण्यांचा रुपया असे, तसेच हे. भाव आण्यांत आणि बिल रुपयांत. सेकंदाला ४०० मेगाबिट वेग म्हणजे सेकंदाला ५० मेगाबाइट. चाचणी पंधरा सेकंद चालली तर एका चाचणीला ७५० मेगाबाइट. म्हणजे नेट जितके वेगवान, तितकी ते मोजण्याची किंमत जास्त. असे थर्मामीटर मी दुसरे पाहिले नाही. मग आम्ही चाचण्या कमी केल्या, पण वेळा सोडल्या नाहीत.

आता काय दिसले ते सांगते. कंपन्यांची नावे घेत नाही. एका घरातल्या दहा दिवसांच्या मोजणीवरून कोणाला नावाजणे किंवा नावे ठेवणे बरोबर नाही.

एकाच खुर्चीवर, एकाच सिमवर, पाच मिनिटांच्या अंतराने माझ्या फोनवर ३८ आणि लेकीच्या फोनवर ४१०. जावईबापूंनी माझ्याकडे पाहिले, "मी म्हटलं नव्हतं?" पण नंतर आम्ही त्याच खुर्चीवरून दोन्ही फोनांवरून मुंबईला मावसबहिणीला व्हिडिओ लावला, तर काडीचा फरक नाही. असे कसे? नातवाने शोधून काढले. झूम ही जी कंपनी आहे, कोविडच्या काळात आपण सर्वांनी तिच्यावरच प्रार्थना ऐकल्या, तिने स्वतःच सांगितले आहे की दोन माणसांच्या कॉलला चांगल्या चित्रासाठी सेकंदाला ०.६ मेगाबिट पुरतात, आणि त्याहून स्वच्छ ७२०पी चित्रासाठी १.२. म्हणजे माझ्या जुन्या फोनकडेसुद्धा गरजेच्या तीसपट वेग होता. रोग्याला दोन लिटर ऑक्सिजन हवा आणि आपण दोनशे लिटरचे सिलिंडर आणायला निघालो होतो.

आणखी एक. जाहिरातीत जो आकडा असतो तो डाउनलोडचा, म्हणजे येणारा. मी ताईला दिसायचे तर माझे चित्र इथून जावे लागते, तो अपलोड. तो आकडा नेहमीच कितीतरी लहान असतो आणि पडद्यावर खाली कोपऱ्यात असतो. व्हिडिओवर बोलणाऱ्या म्हाताऱ्यांनी आधी तो पाहावा. सिनेमे पाहणाऱ्यांनी वरचा पाहावा.

जावयांच्या महागड्या फोनची गंमत झाली. घराबाहेर तो लेकीच्या फोनला हरवी, घरात मागे पडे. फोनला रेडिओसारखे पट्टे असतात. आपण नाही का पूर्वी विविध भारती लावताना काटा फिरवत असू? कंपनी चार-पाच पट्ट्यांवर काम करते, आणि एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळे पट्टे घालून विकतात. बाहेरून आणलेल्या फोनमध्ये इथला एखादा पट्टा नसतो, तेव्हा तो तेवढ्यापुरता बहिरा. यात खालचे पट्टे फार कामाचे. शेजारी कोणी मोठ्याने टेप लावला तर भिंतीतून ढोलकीचा ठेका ऐकू येतो, गाण्याचे शब्द मात्र येत नाहीत. तसेच ७०० मेगाहर्ट्झचा जाडा पट्टा भिंत ओलांडून येतो, पण त्यात वेग बेताचा. ३५०० मेगाहर्ट्झचा ५जीचा पट्टा अतिशय वेगवान, पण सिमेंटला अडतो. सिंगापूरमध्ये हा ७००चा पट्टा पूर्वी टीव्हीकडे होता. २०१७ साली लिलाव झाला, आणि २०१९च्या सुरुवातीला जुन्या पद्धतीचा टीव्ही बंद झाल्यावर तो मोबाईलसाठी मोकळा झाला. भारतात २०२२च्या लिलावात जिओने तोच पट्टा घेतला. म्हणून फोन विकत घेताना दुकानदाराला कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारण्याआधी, आमच्या देशातले पट्टे यात आहेत का, हे विचारावे. तो गोंधळला तर दुसऱ्या दुकानात जावे.

एकाच नावाचे दोन फोन सारखे नसतात याचे मोठे उदाहरण २०१६ साली झाले. आयफोन ७ आला तेव्हा काहींत क्वालकॉमची मोडेम चिप होती, काहींत इंटेलची. दुकानात दोन्ही दिसायला एक, किंमत एक. तपासणाऱ्यांना आढळले की सिग्नल कमजोर झाला की क्वालकॉमवाला जास्त वेग टिकवतो. आणि त्यावर कडी म्हणजे, त्या चिपला ६०० मेगाबिटपर्यंत जाता येत असूनही तिला ४५०च्या आतच ठेवले होते, म्हणजे दोघे जुळे भाऊ सारखे दिसावेत. हे वाचून मला आमच्या वॉर्डातली एक गोष्ट आठवली, पण ती पुन्हा कधीतरी. आता अ‍ॅपल स्वतःची मोडेम बनवते, २०२५च्या फेब्रुवारीत आलेल्या आयफोन १६ईमध्ये ती पहिल्यांदा आली.

नातवाने लेकीच्या फोनची आणखी एक चोरी पकडली. एका रात्री दहाला तिचा आकडा एकदम पडला. कंपनीला शिव्या द्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्याला दिसले की बॅटरी वाचवण्याचे बटण चालू आहे. ते चालू असले की काही फोन ५जी बंद करून ४जीवर जातात. माझ्या वयाच्या सगळ्या बायकांच्या फोनवर ते बटण कायम चालू असते, कारण चार्जर शोधायचा कंटाळा.

कंपन्यांचे सांगायचे तर इथे १९९७पर्यंत सिंगटेल एकटीच होती, मग एम१ आली, २०००मध्ये स्टारहब, आणि चौथा परवाना मिळवलेली ऑस्ट्रेलियाची टीपीजी, तिचे नाव पुढे सिम्बा झाले. याशिवाय काही भाडेकरू कंपन्या आहेत, त्यांचे स्वतःचे मनोरे नाहीत, दुसऱ्याच्या मनोऱ्यांवर त्या धंदा करतात. सर्कल्स.लाइफ २०१६ साली अशीच एम१च्या मनोऱ्यांवर सुरू झाली. भाडेकरू स्वस्त पडतो. पण गर्दीच्या वेळी घरमालकाच्या गिऱ्हाइकांना आधी वाट मिळते का, हे करारावर असते. अमेरिकेत तर काही प्लॅनच्या बारीक अक्षरांत ते छापलेलेच असते. आमच्या तक्त्यात स्वस्त सिम सकाळी सहाला पहिल्या नंबरवर होते आणि रात्री दहाला तिसऱ्या. जे लोक सकाळी सहाला एकदा मोजून शेजाऱ्यांना सल्ला देतात त्यांना हे दाखवायला हवे.

जागांमध्ये सर्वांत आश्चर्य वाटले ते स्टेशनचे. डाउनटाउन लाइन टॅम्पिनीसला २०१७ साली आली, आणि स्टेशन जमिनीखाली. मला वाटले तिथे शून्य येईल. आले माझ्या खोलीपेक्षा जास्त! कारण जमिनीखाली बाहेरचा सिग्नल पोचत नाही हे ठाऊक असल्यामुळे आतच अँटेना बसवलेले असतात. आणि शेल्टरमध्ये? दार उघडे असताना ठीक. दार लावले की तिन्ही फोन, तिन्ही सिम सपाट. महाग, स्वस्त, ४जी, ५जी, सगळे सारखे. लेकीच्या ४१०चे १.१ झाले, माझ्या ३८चे ०.७. नातू आत, मी बाहेर, आणि व्हिडिओवर त्याचा चेहरा तसाच थिजला, तोंड अर्धवट उघडे. मी दार लगेच उघडले.

तेव्हा लक्षात आले की आम्ही आठ दिवस नाडी स्वतःचीच पाहत होतो आणि रोगी बीरशेव्यात. स्पीडटेस्ट नावाचे ते अ‍ॅप आपण होऊन जवळचा सर्व्हर निवडते, म्हणजे माझा आकडा टॅम्पिनीसपासून सिंगापूरच्याच दुसऱ्या टोकापर्यंतचा. त्यात सर्व्हर बदलायची सोय आहे. इस्रायलमधला निवडला तर आकडे लगेच जमिनीवर आले, आणि पिंग, म्हणजे हाक मारून ओ येईपर्यंतचा वेळ, कितीतरी वाढला. यात कोणाचा दोष नाही. सिंगापूर ते तेल अवीव सरळ रेषेत सुमारे आठ हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. जाऊन-येऊन सेकंदाचा बारावा भाग तरी लागणारच, आणि तारा सरळ रेषेत नाहीत, समुद्राच्या तळाशी वळणे घेत जातात. आशियातून युरोपकडे जाणाऱ्या बऱ्याच तारा तांबड्या समुद्रातून जातात. तिथे २०२४च्या सुरुवातीला आणि पुन्हा २०२५च्या सप्टेंबरात तारा तुटल्या, तेव्हा वाहतूक लांबच्या वाटांनी वळवावी लागली. त्या दिवसांत जगातला कुठलाही फोन घेऊन उपयोग नव्हता. लहानपणी आम्ही ट्रंक कॉल लावून पोस्टात तासन् तास बसत असू, लाइटनिंग कॉल तर खिसा रिकामा करी. त्या मानाने हे दुखणे किरकोळ.

युद्ध थांबल्यावर मी मेटापेलेतला कामाला लावले. ताई म्हणाली, "तू रिटायर झालीस तरी दुसऱ्यांना ड्युटी लावायचं सोडत नाहीस." ती मुलगी मात्र हौशी. तिने बाल्कनीत, सलोनमध्ये आणि ममादचे दार-खिडकी लावून आत, दिवसातून तीन वेळा, पाच दिवस आकडे घेतले. ताईच्या फोनमध्ये तिचे नेहमीचे सिम, आणि मग त्याच फोनमध्ये मेटापेलेतचे दुसऱ्या कंपनीचे सिम. फोन एकच ठेवा, जागा एकच ठेवा, फक्त सिम बदला, हे मी तिला तीनदा बजावले. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुठल्या औषधाने गुण आला ते कळत नाही.

ताईची कंपनी बाल्कनीत १८०. मेटापेलेतची ३५. यावरून कोणीही ताईच्या कंपनीला पहिला नंबर दिला असता. ममादमध्ये दार लावल्यावर ताईच्या कंपनीचे ०.३, कधी काहीच नाही. मेटापेलेतचे ४, एकदा ३, त्याखाली एकदाही नाही. घरचे वायफाय सलोनमध्ये, ते तर दार लागले की बाहेरच राहते. १९ तारखेला ताईचा चेहरा का थांबला आणि "ओके" मात्र कसे आले, याचे उत्तर त्या कागदावर होते. "ओके" ताईच्या फोनवरून आलेच नव्हते. आणि शब्दाला लागतेच किती, चित्राच्या हजाराव्या भागाइतकेही नाही.

म्हणून मी आता कोणाच्याही फोनचा सर्वांत मोठा आकडा विचारत नाही. सर्वांत लहान किती आला, आणि तेव्हा तुम्ही कुठे बसला होता, हे विचारते. वॉर्डात रोग्याचे सर्वांत चांगले ब्लडप्रेशर किती, असे कधी कोणी विचारले होते का?

ताईला कंपनी बदलायला तयार करणे हे मोजण्यापेक्षा कठीण होते. "वीस वर्षं मी यांच्याकडे आहे, माझा नंबर सगळ्यांच्या डायरीत आहे," असा तिचा धोशा. इस्रायलमध्ये २००७च्या डिसेंबरपासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, हे तिला माहीतच नव्हते. आपल्या बऱ्याच वाचकांनाही नसेल, म्हणून मुद्दाम लिहिते. शेवटी तिचा नंबर नव्या कंपनीत गेला, आणि एका मिस्त्रीने सलोनमधून ममादमध्ये वायर ओढून आत एक छोटा वायफायचा डबा लावला. नवा फोन ना तिला घेतला, ना मला. जावईबापू थोडे नाराज झाले, पण वाचलेल्या पैशांत त्यांनी नातवाला सायकल घेतली.

एक गोष्ट जाता जाता. माझा याहूनही जुना एक फोन होता. इथे २जी २०१७ साली गेले होते, ३जी २०२४ साली बंद झाले आणि तो फोन मुका झाला. नेट चालत होते, व्हॉट्सअ‍ॅप येत होते, पण साधा कॉल लागेना, कारण आवाजासाठी तो ३जीवरच जात होता. इथे अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर ९९५. वेग कितीही दाखवो, ज्या फोनवरून ९९५ लागत नाही तो म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी ठेवण्यात काय अर्थ? इस्रायल सरकारनेही जुनी जाळी बंद करण्याचा निर्णय पूर्वीच घेतलेला आहे. तुमचा फोन जुना असेल तर मुलांना विचारा की यात ४जीवरून बोलता येते का. व्होल्टे असा शब्द आहे त्याला.

बाळगोपाळांना काम देते. आजी-आजोबांच्या फोनचा वेग तीन जागी मोजा : खिडकीत, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर आणि ममादमध्ये दार लावून. सकाळी एकदा, रात्री एकदा. येणारा आणि जाणारा, दोन्ही आकडे लिहा. प्रत्येक जागी एकदाच मोजा, नाही तर माझ्यासारखा कोटा संपेल आणि मग मला बोलणी बसतील. कागद संपादकांकडे पाठवा, मी पुढच्या अंकात तक्ता करून देईन. कंपन्यांची नावे झाकीन.

ताईशी काल ममादमधून बोलणे झाले, सायरन वगैरे काही नव्हते, तिला फक्त नवा डबा दाखवायचा होता. चित्र इतके स्वच्छ की मागच्या फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या मोजता आल्या. तिने मला डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाली, "केसांना तेल लावत नाहीस वाटतं?" पूर्वीचे नेट बरे होते.

आपली,
टॅम्पिनीसची नर्सआजी